पूरग्रस्त सीमाप्रदेशातील लोकाधिष्ठित ग्रामविकास : रंगपूरचा अनुभव आणि मंडळीचे सेवाकार्य

महापूर ओसरला की मंडळीच्या हातून पहिले काम घडते ते वाटपाचे. धान्य, कपडे, घोंगड्या, औषधे यांच्या याद्या होतात, रांगा लागतात, पाळक आणि धर्मशिक्षक रात्रंदिवस राबतात. हे काम आवश्यक आहे आणि त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्याच गावात पाचसात वर्षांनी पुन्हा पूर येतो, पुन्हा त्याच घरांपुढे त्याच रांगा लागतात, तेव्हा विचारी सेवकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. आपल्या सेवेने या लोकांच्या हाती नेमके काय राहिले?

'लोकाधिष्ठित विकास' हा शब्दप्रयोग आज सर्वत्र ऐकू येतो, पण त्याचा अर्थ पुष्कळदा संदिग्ध असतो. लोकांनी श्रमदान केले म्हणजे विकास लोकाधिष्ठित झाला असे नाही. योजना कोणाची, पैशाचा हिशेब कोण पाहतो, आणि सेवक निघून गेल्यावर काम कोण चालवितो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून त्याची पारख होते. प्रस्तुत लेखात बांगलादेशाच्या उत्तर सीमेवरील रंगपूर भागाचे उदाहरण घेतले आहे. ते निवडण्याचे कारण असे की, तेथील एका मोठ्या कार्याचा आरंभ ख्रिस्ती मंडळ्यांच्या जागतिक संघाने केला. ज्यांच्यामध्ये ते झाले ते लोक बहुतांशी मुसलमान व हिंदू होते. आणि पंचवीस वर्षांनी त्या संघाने ते कार्य स्थानिकांच्या स्वाधीन केले.

१. प्रदेश आणि त्याचे दैन्य

कुडीग्राम, लालमोनिरहाट, नीलफामारी, गायबांधा आणि रंगपूर हे जिल्हे हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांच्या तोंडाशी वसले आहेत. ब्रह्मपुत्रा, तिस्ता, धरला आणि दूधकुमार या नद्या गाळ आणि वाळू घेऊन येतात आणि सपाट भूमीवर पात्र बदलीत वाहतात. १७८७ सालच्या महापुरात तिस्तेने आपला जुना मार्ग सोडला आणि ती ब्रह्मपुत्रेला येऊन मिळाली, यावरून या नद्यांच्या स्वभावाची कल्पना यावी. पात्रात वाळूची बेटे तयार होतात. त्यांना तेथे 'चर' म्हणतात. भूमिहीन लोक चरावर झोपडी बांधतात, दोनचार वर्षे पीक घेतात आणि एखाद्या पावसाळ्यात जमिनीसह सर्व काही वाहून गेले की दुसरा चर शोधतात. पूर ओसरला म्हणजे शेत पुन्हा मिळते. नदीने काठ खाल्ला म्हणजे शेतच उरत नाही. म्हणून तेथील लोक पुरापेक्षा काठ कोसळण्याला अधिक भितात.

सीमेनेही या प्रदेशाचे दैन्य वाढविले. १९४७ नंतर एका देशाच्या भूमीने सर्व बाजूंनी वेढलेली दुसऱ्या देशाची गावे येथे शिल्लक राहिली. बांगलादेशात भारताची १११ आणि भारतात बांगलादेशाची ५१ अशी ही छितमहाले होती. तेथील रहिवाशांना न शाळा, न दवाखाना, न मतदान. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री दोन्ही देशांनी त्यांची अदलाबदल केली, तोवर अडुसष्ट वर्षे लोटली होती. तिस्तेच्या पाणीवाटपाचा मसुदा २०११ साली तयार झाला, पण त्या वेळी त्यावर सह्या झाल्या नाहीत. सीमेवरील गरिबाला दोन्हीकडचा पूर सोसावा लागतो. निर्णय मात्र दूरच्या राजधान्यांत होतात.

२. धान्य असूनही उपासमार

या प्रदेशात भुकेचा एक ठरलेला ऋतू होता. त्याचे नाव 'मोंगा'. आषाढ-श्रावणात भाताची लावणी संपली की मजुराचे काम संपते आणि मार्गशीर्षाच्या सुमारास कापणी सुरू होईपर्यंत ते पुन्हा मिळत नाही. मधल्या आश्विन-कार्तिकात घरातील दाणे संपलेले असतात. अशा वेळी मजूर पुढील हंगामाचे श्रम आगाऊ विकत असे, अर्थातच कमी मजुरीने. अल्पभूधारक उभे पीक विकत असे. या वर्षाच्या भुकेपोटी पुढच्या वर्षाची भूक आधीच ठरून जाई.

१९७४ साली या नेहमीच्या मोंगाचे रूपांतर भीषण दुष्काळात झाले. ब्रह्मपुत्रेच्या पुरांनी लावणीची कामे बुडविली, तांदळाचे भाव भडकले आणि सप्टेंबरअखेर सरकारने दुष्काळ जाहीर केला. देशभर सुमारे ६,००० लंगरखाने उघडून ४३ लाखांहून अधिक लोकांना शिजविलेले अन्न देण्यात आले. सरकारी आकड्यानुसार २६,००० माणसे मरण पावली. इतर अंदाज याहून कितीतरी मोठे आहेत.

या दुष्काळाचा अभ्यास करून अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. १९७१ ते १९७५ या वर्षांत दरडोई धान्य सर्वाधिक उपलब्ध होते ते १९७४ मध्येच. आणि रंगपूरसारखे दुष्काळाने होरपळलेले जिल्हे धान्याच्या उपलब्धतेत मागे नव्हते. धान्य होते, ते विकत घेण्याची ऐपत मजुरापाशी नव्हती. पुराने त्याचे शेत बुडविले नाही, कारण शेत त्याचे नव्हतेच. पुराने त्याचे काम बुडविले. सेवकाने हा भेद नीट समजून घेतला पाहिजे. भूक केवळ धान्याच्या अभावाने येत असती तर धान्यवाटपाने ती मिटली असती. ती काम, जमीन, कर्ज आणि मजुरी यांच्या संबंधांतून येत असेल तर हे संबंध बदलावे लागतात, आणि ते बाहेरच्या माणसाला बदलता येत नाहीत.

३. मदतीपासून संघटनेपर्यंत

१९७१ सालच्या युद्धात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. रंगपूर-दिनाजपूरचे पुष्कळ लोक कूचबिहारच्या छावण्यांत होते. तेथे लुथरन वर्ल्ड फेडरेशनच्या वतीने नॉर्वेचे मिशनरी ओलाव होड्ने यांच्या नेतृत्वाखाली मदतकार्य चालले. युद्ध संपून निर्वासित परतले तेव्हा हे कार्यही त्यांच्यामागून सीमेपलीकडे गेले आणि १९७२ साली 'रंगपूर-दिनाजपूर पुनर्वसन सेवा' सुरू झाली. घरे, बियाणे, रस्ते, शाळा व दवाखाने ही पहिल्या वर्षांतील कामे होती. पुढे 'पुनर्वसन' या शब्दाच्या जागी 'ग्रामीण' हा शब्द आला. इंग्रजी आद्याक्षरे तीच असल्याने आर. डी. आर. एस. हे नाव कायम राहिले, पण शब्दबदलात धोरणाचा बदल सामावलेला होता.

आरंभी शेती, आरोग्य, बांधकाम असे वेगवेगळे विभाग होते आणि प्रत्येक विभाग आपली योजना गावात नेत असे. हळूहळू ध्यानात आले की, 'गावासाठी' म्हणून केलेली योजना बहुधा गावातील सबळांच्या पदरी पडते. सिंचनाचा लाभ ज्याच्याकडे जमीन आहे त्याला मिळतो. म्हणून भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांचे, मजुरीवर जगणाऱ्यांचे, छोटे छोटे गट बांधण्याकडे कार्याचा कल वळला. स्त्रियांचे गट स्वतंत्र होते. ठरलेल्या दिवशी बैठक, थोडी बचत, अक्षरओळख आणि सर्वांसमोर वाचून दाखविलेला हिशेब, एवढेच आरंभीचे साधन. ते दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु ज्या स्त्रीने आयुष्यात कधी आपला अंगठा कोणत्या कागदावर उमटतो हे विचारले नव्हते, तिला आपल्या बचतीची नोंद वाचता येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

पुढच्या टप्प्यात एका युनियनमधील, म्हणजे काही गावे मिळून होणाऱ्या सर्वांत खालच्या स्थानिक स्वराज्य घटकातील, गटांचा मिळून एक संघ झाला. असे अडीचशेहून अधिक संघ उभे राहिले. एकट्या गटाला जे साधत नाही ते संघाला साधते. पूरग्रस्तांची यादी कोणी करावयाची, सरकारी धान्यपत्रे कोणाला मिळावीत, मजुरीचा दर काय असावा, बालविवाह कसा रोखावा, याविषयी तो स्थानिक मंडळासमोर उभा राहून बोलू शकतो. १९९७ च्या कायद्याने प्रत्येक युनियन परिषदेत स्त्रियांसाठी तीन जागा थेट निवडणुकीने भरण्याची तरतूद झाली. बैठकीत बोलण्याची सवय झालेल्या स्त्रियांना त्या निवडणुकीकडे स्वतःचे क्षेत्र म्हणून पाहता आले. त्याच १९९७ साली फेडरेशनने हे संपूर्ण कार्य बांगलादेशी संस्थेच्या स्वाधीन केले.

४. लोकांच्या हाती आलेली साधने

संघटना रिकाम्या हाती टिकत नाही. तिला उपयोगी पडणारे साधनही हवे. रंगपूरमध्ये अशी साधने कशी घडली, हे पाहण्यासारखे आहे.

पहिले उदाहरण पायपंपाचे. या भागात कोरड्या ऋतूतही भूगर्भजल थोड्या फुटांवर असते, पण इंजिनाची विहीर गरिबाला परवडत नव्हती. गुन्नार बार्नेस या आर. डी. आर. एस.मधील नॉर्वेजियन अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक साधा पंप तयार केला. शेजारीशेजारी बसविलेली दोन नळकांडी, त्यांतील दट्टे दोरीने जोडलेले आणि पायाखाली बांबूच्या दोन दांड्या. माणूस चालल्याप्रमाणे एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो आणि पाणी वर येते. बंगालातील स्त्रिया भात कांडण्यासाठी पायाने चालवितात त्या 'ढेंकी'शी त्याचे साम्य असल्याने लोकांनी तो लगेच आपलासा केला. बांबू गावचा, दुरुस्ती गावच्या कारागिराकडे, आणि सुमारे अर्धा एकर भाजीपाला वा भात भिजविण्याइतके पाणी. पुढे देशभर दहा लाखांहून अधिक पायपंप विकले गेले. ते फुकट वाटले गेले नाहीत, विकले गेले, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे. विकत घेणाऱ्याला पंप नाकारण्याचा अधिकार होता. म्हणून पंपाला त्याच्या गरजेप्रमाणे व्हावे लागले. कालांतराने स्वस्त डिझेल इंजिने आली आणि पायपंप मागे पडला. हेही योग्यच झाले. साधन माणसासाठी असते.

दुसरे उदाहरण बियाण्याचे. रूढ भात सुमारे १४५ दिवसांत तयार होत असे. 'ब्रि धान ३३' या जातीचे भात सुमारे ११८ दिवसांत येते. कापणी महिनाभर आधी झाली की मोंगाच्या ऐन काळात मजुराला काम मिळते आणि त्याच शेतात बटाट्यासारखे दुसरे पीकही घेता येते. ओडिशातील एका जुन्या देशी भाताच्या गुणावरून विकसित झालेल्या, सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही तग धरणाऱ्या जातींच्या चाचण्याही रंगपूरच्या शेतांवर झाल्या आणि २०१० साली त्यांना बांगलादेशात मान्यता मिळाली.

तिसरे उदाहरण वाळूतील भोपळ्याचे. पूर ओसरल्यावर उघड्या पडलेल्या वाळूत खड्डे खणावयाचे, त्यांत शेणखत भरावयाचे आणि भोपळ्याचे वेल लावावयाचे. २००५ पासून गायबांधा भागात दुसऱ्या एका संस्थेच्या साहाय्याने ही पद्धत पसरली. भोपळा कित्येक महिने टिकतो, त्यामुळे तो भुकेच्या ऋतूत खाता येतो किंवा विकता येतो. याशिवाय, आतापर्यंतच्या सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेहून दोन फूट उंच मातीचा ओटा करून त्यावर घर, गोठा आणि नळ उभारण्याचे काम अनेक चरांवर झाले. पुराची ती खूण कोणत्याही नकाशावर नसते. गावातील वृद्ध ती दाखवितात.

५. मर्यादा आणि इशारे

या अनुभवाचे गोडवे गाऊन थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. मोंगा आज पूर्वीसारखा राहिलेला नाही हे खरे. परंतु त्याचे श्रेय एकट्या गटांचे नव्हे. १९९८ साली यमुनेवरील पूल खुला झाला आणि रंगपूरचा मजूर ढाक्याच्या बाजाराशी जोडला गेला. कापड-उद्योग वाढला. २००८ पासून सरकारने मंद हंगामातील रोजगाराची योजना आणली. लोकसंघटना ही राज्यसंस्थेची जागा घेऊ शकत नाही. राज्यसंस्थेला जबाबदार धरणे हेच तिचे काम आहे.

दुसरी मर्यादा जमिनीची. वाळूत भोपळा पिकला की, त्या वाळूवर हक्क सांगणारे पुढे येतात. नवीन चरावर पहिला ताबा पुष्कळदा दांडग्यांचा असतो. ज्या गटाने जमिनीचा प्रश्न टाळला त्याचे यश दुसऱ्याच्या मर्जीवर राहिले. तिसरा इशारा कर्जाचा. बचतगटातून कर्जव्यवहार वाढला, अनेक संस्थांचा सूक्ष्मकर्ज हाच मुख्य उद्योग झाला, आणि एका संस्थेचा हप्ता फेडण्यासाठी दुसरीकडून कर्ज घेणारी कुटुंबेही दिसू लागली. गट हा वसुलीचा सापळा झाला की तो लोकांचा राहत नाही. आणि नदी? तिने काठ खाल्ला तर ओटा, पंप, शाळा सर्व जाते. १९८८ च्या पुरात देशाचा सुमारे साठ टक्के भाग पाण्याखाली होता. १९९८ मध्ये दोनतृतीयांश. अशा संकटापुढे गावाने एकट्याने उभे राहावे ही अपेक्षा अन्यायाची आहे.

६. शास्त्राच्या प्रकाशात

या अनुभवाशी सर्वांत जवळचा शास्त्रभाग म्हणजे नहेम्याचा ग्रंथ. तिसऱ्या अध्यायात यरुशलेमेच्या तटाची बांधणी वर्णिली आहे. आपण तो अध्याय नावांची कंटाळवाणी यादी समजून वाचनातून गाळतो; पण ती यादी हाच त्याचा संदेश आहे. नहेम्या राजाची पत्रे आणि लाकूड घेऊन येतो, म्हणजे बाहेरचे साहाय्य आहे. परंतु येताच तो योजना जाहीर करीत नाही. रात्री तटाभोवती फिरून पडझड स्वतः पाहतो आणि मग लोकांशी बोलतो. तट बांधतात ते सोनार, गंधी, व्यापारी, याजक. कित्येक जण आपापल्या घरासमोरचाच भाग बांधतात. शल्लूमबरोबर त्याच्या मुलीही काम करतात. तकोवकरांचे सरदार मात्र कामाला मान लावीत नाहीत, आणि ग्रंथकार तेही नोंदवून ठेवतो.

पाचव्या अध्यायात काम थबकते. कारण शत्रू नव्हे, तर गरिबांचा आक्रोश. दुष्काळात धान्यासाठी त्यांनी शेते आणि घरे गहाण टाकली आहेत, मुले-मुली दास्यात दिली आहेत, आणि सावकार त्यांचेच बांधव आहेत. नहेम्या 'आधी तट पुरा करू' असे म्हणत नाही. सभा भरवितो, सावकारांना सर्वांसमोर जाब विचारतो आणि शेते परत करावयास लावतो. आगाऊ विकलेले श्रम आणि गहाण पडलेले शेत रंगपूरमध्ये पाहिलेल्या वाचकाला हा अध्याय दूरचा वाटणार नाही. तट आणि न्याय यांची फारकत करता येत नाही, हा येथील बोध आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायाचाही विचार करावा. दुष्काळाचे भविष्य ऐकून अंत्युखियाचे शिष्य ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे मदत गोळा करतात आणि बर्णबा व शौल यांच्या हाती यहूदीयातील वडिलांकडे पाठवितात. पैसा देणारे अंत्युखियाचे. वाटपाचा निर्णय मात्र ज्यांच्यावर संकट आले त्यांच्या वडिलांचा. मदतीच्या इतिहासात ही साधी मर्यादा पुष्कळदा विसरली गेली आहे.

आणखी एक मुद्दा. रंगपूरमध्ये हे कार्य बहुतांशी अन्य धर्मीयांमध्ये झाले. सेवा हे कोणाला मंडळीत आणण्याचे आमिष होऊ नये. शोमरोनी मनुष्याने जखमी प्रवाशाचा धर्म विचारला नाही, आणि बरा झाल्यावर त्याने काय मानावे याचा करारही केला नाही. अशा सेवेने साक्ष दुबळी होत नाही. ती शुद्ध होते.

७. आपल्या सेवाक्षेत्रात

बेळगावच्या सीमाभागातील वाचकांना हे विवेचन परके वाटू नये. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठची चिकोडी-निपाणीकडील गावे २००५ आणि २०१९ साली पाण्याखाली गेली. तेथेही सीमा आहे, दोन राज्यांची प्रशासने आहेत, अलमट्टीच्या विसर्गाविषयीचे वाद आहेत, आणि भरपाईच्या यादीत शेतमालकाचे नाव येते तेव्हा त्याच्या शेतातील मजूर कोणत्या यादीत बसतो हा प्रश्नही आहे. लोकांच्या हाती ज्ञान देण्याची परंपराही आपल्या भाषेच्या प्रदेशात आहे. १९७० पासून जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले आणि वैद्याच्या हातातील ज्ञान गावाच्या हाती दिले. तत्त्व तेच आहे.

पाळकाने अथवा धर्मशिक्षकाने अभियंता किंवा अर्थतज्ज्ञ होण्याची गरज नाही. त्याला पुढील गोष्टी करता येतील. पूर येण्यापूर्वीच गावातील वृद्धांसह पुराच्या खुणा, उंच जागा, एकटे वृद्ध व अपंग यांची नोंद गावकऱ्यांकडून करवून घ्यावी. मदतीची यादी वस्तीच्या सभेत वाचून दाखवावी, आणि त्या सभेत भूमिहीन व स्त्रिया यांना प्रथम बोलू द्यावे. मंडळीच्या सभासदांची यादी आणि गरजूंची यादी या दोन वेगळ्या ठेवाव्या. बचतीचा हिशेब पाळकाच्या कपाटात न राहता गटाच्या पेटीत राहावा. आणि काम सुरू करतानाच ते कोणत्या वर्षी, कोणाच्या हाती सोपवावयाचे, हे ठरवून लिहून ठेवावे.

यांतील शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे. वाटप करणाऱ्याला मान मिळतो. लोक त्याच्या दाराशी येतात. जे लोक स्वतः सभा भरवितात, हिशेब मागतात आणि प्रसंगी पाळकाचे मतही नाकारतात, त्यांच्या दाराशी त्यालाच जावे लागते. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा सेवकाची जागा कोणती हे त्याने दाखवून दिले. आपल्या सेवाक्षेत्रात पुढचा पूर कधी येईल ते आपण सांगू शकत नाही. तो येईल तेव्हा लोक आपली वाट पाहत बसलेले असतील की आपापल्या घरासमोरचा तट आधीच उचलू लागलेले असतील, हे मात्र पुष्कळ अंशी आजच्या आपल्या सेवेवर अवलंबून आहे.